पंप चालू, पोर्टलवर शून्य : सौरपंपाच्या डब्यात शेवटचा बाइट हरवतो कसा?

२०२५ च्या अखेरीस महावितरणने ३० दिवसांत ४५,९११ सौर कृषिपंप बसवले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आमच्या जालना जिल्ह्यात हे कळायला पेपर वाचायची गरज नव्हती. पंप बसवण्यात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. अंबड, घनसावंगी, बदनापूर, कुठल्याही रस्त्याने निघा, विहिरीशेजारी निळ्या पॅनेलची रांग दिसतेच.

या बातम्यांमध्ये पॅनेल दिसतं, पाण्याची धार दिसते. एक गोष्ट मात्र फोटोत येत नाही. प्रत्येक पंपासोबत एक छोटा डबा बसवलेला असतो. रिमोट मॉनिटरिंग सिस्टिम, थोडक्यात आरएमएस. पंप किती वेळ चालला, किती वीज तयार झाली, काही बिघाड आहे का, हे सगळं तो डबा मोबाईल नेटवर्कवरून सर्व्हरला कळवतो. २०१९ पासून चालू असलेल्या पीएम-कुसुम योजनेत हा डबा ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे. पंप सरकारी अनुदानातून बसतो. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. बाकी पैसा सरकारचा. त्यामुळे पंप खरंच चालतोय का, हे सरकारला बघायचं असतं, आणि ते रास्तच आहे.

प्रश्न असा, की डबाच चुकीचं सांगायला लागला तर? आणि ती चूक मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्राममधल्या एका ओळीची असेल तर? हा लेख अशाच एका ओळीबद्दल आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांना त्यात ट्रान्समिट इंटरप्टचा एक जुना सापळा भेटेल. शेतकऱ्यांनी मधले तांत्रिक भाग गाळून शेवटचे दोन भाग वाचले तरी चालेल.

"मोटर चालूय, अन् तुमचं डबडं म्हणतंय बंद"

घनसावंगी तालुक्यातली एक मोसंबीची बाग. पाच एचपीचा सौरपंप. काकांची तक्रार साधी होती : गेल्या वर्षी जेवढं पाणी पडायचं तेवढं आता पडत नाही. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे, म्हणून त्यांनी तक्रार नोंदवली. फोनवरून उत्तर आलं, "काका, आमच्याकडे दिसतंय की तुमचा पंप बंदच आहे. तुम्ही वापरतच नाही. आधी पंप चालवा, डेटा येऊ द्या, मग बघू."

काकांनी मला बोलावलं तेव्हा ते चिडलेले होते. "या, बघा तुम्हीच. मोटर चालूय, पाणी पडतंय, अन् यांचं डबडं म्हणतंय बंद. मी काय खोटं बोलतो का?"

कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर ३४ हर्ट्झ दिसत होतं, म्हणजे मोटर फिरत होती. पोर्टलवर मात्र त्याच मिनिटाला शून्य किलोवॅट, शून्य हर्ट्झ. पुढचं कारण ठरलेलं असतं : "टॉवर नसेल." पण बागेत उभं राहून माझ्या फोनला चांगलं नेटवर्क होतं. मुख्य म्हणजे पोर्टलवर पंप 'ऑनलाइन' दाखवत होता. डबा सर्व्हरपर्यंत पोचत होता. फक्त पोचून तो शून्य सांगत होता.

सर्व्हिसच्या मुलाने मागच्या दोन दिवसांचे आकडे लॅपटॉपवर उघडले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दिवसभर शून्यांची रांग, आणि मध्येच कुठेतरी एखादा खरा आकडा. सकाळी एक, दुपारी दोन, परत शून्य. टॉवर गेला असता तर शून्य तरी कसं पोचलं असतं? वायर तुटलेली असती तर मधला खरा आकडा कुठून आला असता? बिघाड या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होता.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. एकतर मला एकच पंप नीट तपासता आला, आणि दुसरं म्हणजे हीच चूक मी स्वतः केलेली आहे. त्याबद्दल पुढे सांगतो.

डब्यात बोलणं कसं चालतं?

पंपाचा कंट्रोलर आणि आरएमएसचा डबा ही दोन वेगळी यंत्रं. त्यांच्यात दोन तारांची जोडी असते, तिला आरएस-४८५ म्हणतात. त्या तारांवरून बोलायची भाषा म्हणजे मॉडबस. ही भाषा १९७९ सालची आहे, कारखान्यांसाठी बनवलेली, आणि अजून सगळीकडे चालते. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलच्या भट्टीचं तापमान मोजणारं यंत्रसुद्धा बहुतेक वेळा हीच भाषा बोलतं.

मॉडबसचा नियम सोपा आहे. एक जण विचारतो, दुसरा उत्तर देतो. इथे विचारणारा म्हणजे आरएमएस. "एक नंबरच्या यंत्रा, शून्य पत्त्यापासून दहा आकडे दे" एवढा प्रश्न विचारायला आठ बाइट लागतात. पहिल्या सहा बाइटमध्ये प्रश्न आणि शेवटच्या दोनमध्ये सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा. आधीच्या बाइटवरून गणित करून तो काढतात. ऐकणारा तेच गणित स्वतः करतो. जुळलं तर उत्तर देतो. नाही जुळलं तर गप्प बसतो. "मला नीट ऐकू आलं नाही" असंसुद्धा तो म्हणत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तारांची जोडी एकच आहे, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. त्यासाठी आरएस-४८५ च्या चिपला एक पाय असतो, डीई. तो वर केला की चिप तारेवर बोलते, खाली केला की सोडून देते. मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रामने बोलायच्या आधी डीई वर करायचा, बोलून झालं की लगेच खाली. उशीर केला तर समोरच्याचं उत्तर आपल्याच आवाजात बुडतं. घाई केली तर आपलंच वाक्य अर्धवट तुटतं.

खरी मेख इथे आहे : 'बोलून झालं' हे प्रोग्रामला कळतं कसं?

ओटा रिकामा झाला म्हणजे गाडी गेली असं नाही

सिरियल पोर्टवरून बाइट हळू जातो. ९६०० बॉडला एक बिट जायला १०४ मायक्रोसेकंद लागतात, आणि सुरुवातीचा व शेवटचा बिट धरून दहा बिटांचा बाइट जायला जवळपास एक मिलिसेकंद. मायक्रोकंट्रोलरसाठी हा फार मोठा काळ. तेवढा वेळ थांबून बसण्यापेक्षा तो दुसरी कामं करतो, आणि सिरियल पोर्ट मोकळा झाला की पोर्टच त्याला हाक मारतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात.

गंमत अशी, की पाठवण्याच्या बाजूला हाका दोन आहेत, आणि त्या दिसायला सारख्या आहेत.

मोंढ्यातला माल चढवायचा ओटा डोळ्यांसमोर आणा. हमाल पोतं ओट्यावर आणून ठेवतो, ओट्यावरून ते गाडीत जातं, गाडी फाटकाबाहेर पडते. सिरियल पोर्टमध्येही तसंच आहे. प्रोग्राम बाइट ठेवतो तो डेटा रजिस्टरमध्ये, हा आपला ओटा. तिथून तो शिफ्ट रजिस्टरमध्ये जातो, ही गाडी. आणि तिथून एकेक बिट तारेवर.

पहिली हाक येते ओटा रिकामा झाला की. एसटीएम३२ च्या भाषेत टीएक्सई, एव्हीआरमध्ये यूडीआरई. तिचा अर्थ एवढाच की 'पुढचं पोतं आणा'. दुसरी हाक येते गाडी फाटकाबाहेर गेली की. एसटीएम३२ मध्ये टीसी, एव्हीआरमध्ये टीएक्ससी. तिचा अर्थ 'सगळं गेलं, आता फाटक लावा'.

आता प्रोग्राम लिहिणारा काय करतो? पहिल्या हाकेवर तो बघतो, पोती शिल्लक आहेत का? असतील तर पुढचं ठेवतो. संपली असतील तर म्हणतो, "झालं सगळं", हाक बंद करतो आणि डीई खाली करतो. वाचायला बरोबर वाटतं. पण त्या क्षणी शेवटचं पोतं ओट्यावरून नुकतंच गाडीत पडलेलं असतं. गाडी जागची हललेलीही नसते. आणि आपण फाटक लावून मोकळे.

म्हणजे आठ बाइटच्या प्रश्नातले सात बाइट नीट जातात, आठवा आतच राहतो. आठवा बाइट म्हणजे सीआरसीचा उरलेला अर्धा भाग. कंट्रोलरचं गणित जुळत नाही आणि तो नियमाप्रमाणे गप्प बसतो. आरएमएस उत्तराची वाट बघतो, थकतो, आणि ज्या जागेत आकडा ठेवायचा त्या जागेत सुरुवातीला भरलेलं शून्य तसंच सर्व्हरला पाठवून देतो.

शेतकरी खोटा ठरतो तो इथे.

आम्ही ते पकडलं कसं?

यात काही मोठी विद्या नव्हती. सील तोडायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं, कारण हमी तुटते. सर्व्हिसच्या मुलासमोरच आरएस-४८५ च्या बाहेरच्या टर्मिनलला एक यूएसबी कन्व्हर्टर समांतर जोडला. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो तसा. लॅपटॉपवरून काहीही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं.

आरएमएसचा प्रश्न सोळा-आधारी आकड्यांत असा यायला हवा होता : ०१ ०३ ०० ०० ०० ०ए सी५ सीडी. पडद्यावर येत होतं ते : ०१ ०३ ०० ०० ०० ०ए सी५. मग शांतता. परत तेच सात बाइट. परत शांतता. कधीकधी आठवा बाइट यायचा, पण 'सीडी'ऐवजी 'एफएफ'. आणि बऱ्याच वेळाने एकदा पूर्ण आठ यायचे, आणि त्यामागोमाग कंट्रोलरचं लांबलचक उत्तर.

तो 'एफएफ' हीच खूण होती. डीई खाली गेला की तारेवर कुणीच बोलत नाही, आणि मोकळी तार सगळी 'एक' अशी वाचली जाते. फाटक अगदी लगेच लागलं तर ऐकणाऱ्याला सुरुवातीचा बिटही नीट मिळत नाही, बाइट आलाच नाही असं वाटतं. फाटक थोडं उशिरा, अर्धा-पाऊण बिट गेल्यावर लागलं तर सुरुवात ओळखली जाते आणि पुढचे आठही बिट 'एक' येतात. आठ वेळा एक म्हणजेच एफएफ. वायर खराब असती तर कुठलाही बाइट बिघडला असता. इथे प्रत्येक वेळी बिघडत होता तो शेवटचाच.

मग अधूनमधून खरा आकडा का यायचा? कारण त्याच मायक्रोकंट्रोलरला मोबाईल मोडेमही सांभाळायचा असतो. मोडेमच्या कामात तो एखाद्या वेळी मिलिसेकंदभर अडकला, तर 'ओटा रिकामा' ही हाक ऐकायला त्याला उशीर होतो. तेवढ्यात गाडी फाटकाबाहेर निघून गेलेली असते. म्हणजे यंत्र कामात गुंतलेलं असलं की काम बरोबर व्हायचं, आणि निवांत असलं की चुकायचं.

टेबलावर हे सापडत का नाही?

आता माझी स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका रोलिंग मिलसाठी मी भट्टीचं तापमान नोंदवणारं यंत्र बनवलं होतं. घरी टेबलावर तीन दिवस चाललं. मिलमध्ये लावलं आणि पहिल्या तासात गप्प. मी तारा बदलल्या, अर्थिंग तपासलं, इंडक्शन भट्टीच्या नॉइजला शिव्या दिल्या. चूक माझ्याच प्रोग्राममध्ये होती, आणि अगदी हीच होती.

टेबलावर ती का दिसली नाही, याची दोन कारणं नंतर कळली. पहिलं, टेबलावर मी ११५२०० बॉडवर काम करत होतो. तिथे अख्खा बाइट ८७ मायक्रोसेकंदांत जातो. प्रोग्राम थोडासा सुस्त असला तरी शेवटचा बाइट निसटून जातो. मिलमध्ये ९६०० होतं, बाइट बारापट हळू, त्यामुळे फाटक दरवेळी आधीच लागायचं. दुसरं, टेबलावर मी प्रत्येक पायरीला पडद्यावर मजकूर छापत होतो, चूक शोधायला सोपं जावं म्हणून. त्या छापण्याच्या वेळानेच चूक झाकली जात होती. छपाई काढून टाकली आणि चूक उघडी पडली.

म्हणून 'आमच्याकडे चालत होतं' हे वाक्य मी आता कुणाचं खोटं मानत नाही. त्यांच्याकडे खरंच चालत असतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी : पाच सापळे

पॉलिटेक्निकची, इंजिनिअरिंगची बरीच पोरं असे डबे दुरुस्त करण्याच्या किंवा बनवण्याच्या कामात येत आहेत. ट्रान्समिट इंटरप्टचे नेहमी भेटणारे सापळे त्यांच्यासाठी एका जागी ठेवतो.

१. डीई खाली करायचा तो टीसीवर, टीएक्सईवर नाही. शेवटचा बाइट डेटा रजिस्टरमध्ये ठेवला की टीएक्सईचा इंटरप्ट बंद करा, टीसीचा चालू करा, आणि डीई टीसीच्या इंटरप्टमध्ये खाली करा. एसटीएम३२ च्या एफ०, जी०, एल४ अशा मालिकांमध्ये डीई हार्डवेअरच सांभाळू शकतं. ती सोय असेल तर वापरा. जुन्या एफ१ मध्ये ती नाही.

२. टीसी सुरुवातीपासूनच वर असतो. रीसेटनंतर टीएक्सई आणि टीसी दोन्ही फ्लॅग चढलेले असतात, कारण ओटाही रिकामा आणि गाडीही उभी नाही. टीसीचा इंटरप्ट आधीच चालू करून ठेवला तर एकही बाइट न जाता 'झालं' अशी हाक येते.

३. टीएक्सईची हाक थांबत नाही. ओटा रिकामा आहे तोवर ती चालूच राहते. पाठवायला काही नसताना हा इंटरप्ट चालू ठेवला, तर मायक्रोकंट्रोलर त्याच फेऱ्यात अडकतो आणि बाकी प्रोग्राम गोठल्यासारखा वाटतो. एव्हीआरच्या यूडीआरईचंही तसंच. यावर उपाय फ्लॅग पुसणं हा नाही. पाठवायला बाइट नसेल तर इंटरप्टच बंद करायचा.

४. ८०५१ मध्ये पहिला धक्का आपणच द्यायचा. तिथे पाठवण्याचा फ्लॅग एकच, टीआय. तो बाइट जात आला की चढतो, आणि आपोआप उतरत नाही, प्रोग्रामने उतरवावा लागतो. शिवाय पाठवणं आणि घेणं या दोघांचा इंटरप्ट एकाच पत्त्यावर येतो, म्हणून आत गेल्यावर टीआय आहे की आरआय हे बघावं लागतं. मुलं इंटरप्ट चालू करून वाट बघत बसतात. पहिला बाइट कुणी ठेवलेलाच नसतो, मग हाक येणार कुठून?

५. डीएमए संपला म्हणजेही बाइट गेला असं नाही. डीएमए 'पूर्ण' म्हणतो तेव्हा त्याने शेवटचं पोतं फक्त ओट्यावर ठेवलेलं असतं. इथे एकच नाही, जवळपास दोन बाइट आत असू शकतात. डीएमए संपल्यावरही टीसीचीच वाट बघायची. एसटीएम३२ ची एचएएल लायब्ररी हे स्वतः करते. रजिस्टरवर थेट लिहिणारे मात्र इथे फसतात.

आणि तपासणीची एक सवय. टीएक्स आणि डीई हे दोन पाय लॉजिक अॅनालायझरला लावा आणि डीईची उतरती कड शेवटच्या स्टॉप बिटच्या नंतर पडते की आधी, ते डोळ्यांनी बघा. आठ चॅनेलचा साधा अॅनालायझर यासाठी पुरतो. तोही नसेल तर आम्ही केलं तसं बाइट मोजा. आठ पाहिजेत आणि सात येत असतील, तर तारेला दोष देऊ नका. प्रत्यक्ष जागेवर जो बॉड रेट असेल तोच टेबलावर ठेवा, आणि छपाई बंद करून एकदा चालवा.

खरा प्रश्न शून्याचा आहे

एवढं सगळं झाल्यावर वाटेल, की चूक सापडली, विषय संपला. मला तसं वाटत नाही. प्रोग्राममध्ये चुका राहणारच. जास्त गंभीर चूक पुढची आहे : 'उत्तर मिळालं नाही' या गोष्टीची नोंद 'शून्य' अशी झाली.

मापाच्या जगात या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पर्जन्यमापकात शून्य मिलिमीटर म्हणजे पाऊस पडला नाही. पर्जन्यमापकच फुटलं असेल तर तिथे शून्य लिहीत नाहीत, रकाना रिकामा ठेवतात. तलाठी पीक पाहणीला आलाच नाही, म्हणून 'पेरणी झाली नाही' असं सातबाऱ्यावर लिहिलं तर गाव पेटेल. इथे मात्र यंत्राने तेच केलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण यंत्राने सांगितलेला आकडा म्हणजे पुरावा, असं आपण धरून चालतो.

आता हे पंपांच्या वेगाशी जोडून बघा. एक पंप हाताने बसवावा लागतो, त्यात चूक झाली तर ती त्या पंपापुरती. फर्मवेअरचं तसं नाही. एकाच कंपनीचा एकच प्रोग्राम तिच्या प्रत्येक डब्यात जातो. महिन्यात हजारो पंप बसत असतील तर एका ओळीची चूकही त्याच वेगाने बसते. सगळ्या 'बंद' दिसणाऱ्या पंपांचं कारण हेच आहे असं माझं म्हणणं नाही. सिम बंद पडतात, अँटेना उंदीर कुरतडतात, काही पंप खरंच बंद असतात. पण यातलं कुठलं कारण आहे हे आकड्यावरून कळलं पाहिजे, आणि आज शून्यावरून ते कळत नाही.

माझ्या मते तीन साध्या गोष्टी करता येतील. त्यांना नवं यंत्र लागत नाही.

पहिली, पोर्टलवर 'शून्य' आणि 'कंट्रोलरकडून उत्तर नाही' हे वेगळे दाखवावेत, आणि शेवटचं खरं वाचन कधी मिळालं ती वेळ सोबत असावी. डब्याला हा फरक आधीपासून कळतो. तो फक्त पुढे सांगत नाही.

दुसरी, पंप बसवून ताब्यात देताना फोटो काढतात, तेव्हाच कंट्रोलरचा पडदा आणि पोर्टलचा आकडा शेजारी ठेवून पंधरा मिनिटं जुळवावेत. आमच्या प्रकरणातली चूक या पंधरा मिनिटांत उघडी पडली असती.

तिसरी, डब्यातल्या फर्मवेअरची आवृत्ती स्टिकरवर किंवा पोर्टलवर दिसावी. एका पंपात चूक सापडली की त्याच आवृत्तीचे बाकीचे पंप कुठे आहेत ते लगेच कळेल. आज एक शेतकरी भांडून आपला डबा दुरुस्त करून घेतो आणि शेजारच्या गावातला तोच डबा तसाच चुकत राहतो.

तोवर शेतकऱ्याने काय करावं?

'तुमचा पंप बंद दिसतोय' असं कुणी म्हणालं आणि पंप चालू असेल, तर वाद घालू नका. कंट्रोलरच्या पडद्याचा, हर्ट्झ किंवा किलोवॅट दिसेल असा, फोटो काढा. शक्यतो पाण्याची धार त्याच व्हिडिओत घ्या. वेळ फोनमध्ये आपोआप नोंदली जाते. असं तीन दिवस, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी करा. मग तक्रारीत लिहा : 'पंप चालू आहे, कंट्रोलरच्या पडद्यावर आकडा आहे, पोर्टलवर शून्य आहे. कंट्रोलर आणि आरएमएस यांच्यातला संपर्क तपासावा.' 'पंप दाखवत नाही' यापेक्षा हे वाक्य योग्य माणसाकडे लवकर पोचतं. डबा स्वतः उघडू नका, हमी तुमचीच जाईल.

घनसावंगीच्या काकांचं पुढे काय झालं? आम्ही सात बाइटची नोंद आणि व्हिडिओ सर्व्हिसच्या मुलामार्फत वर पाठवले. काही आठवड्यांनी डब्यातलं कार्ड बदललं गेलं. त्या दिवसापासून पोर्टलवर खरे आकडे यायला लागले, आणि खऱ्या आकड्यांनी लगेच काम केलं : भर दुपारीही वीज जेमतेम निम्मी तयार होत होती. पॅनेलच्या दोन रांगांपैकी एका रांगेचा कनेक्टर जळून सुटला होता. हमीत तो बदलून मिळाला, आणि पाणी पूर्वीसारखं झालं.

म्हणजे काकांची मूळ तक्रार पहिल्या दिवसापासून खरी होती. डब्याने नीट सांगितलं असतं तर पहिल्याच फोनवर ती मिटली असती. मी निघताना काका म्हणाले, "म्हणजे बिघाड दोन होते. एक माझ्या पंपात, अन् एक तुमच्या त्या डबड्यात." बरोबर आहे. फक्त पहिल्या बिघाडाची तक्रार करायला फोन नंबर होता. दुसऱ्यासाठी कुठे फोन करायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.